पीटर हॉकर

कर्नल पीटर हॉकर (२४ डिसेंबर १७८६ – ७ ऑगस्ट १८५३) हे इंग्लंडमधील सैनिक, शिकारी, लेखक आणि बंदुकीच्या रचनेचे जाणकार अभ्यासक होते. नेपोलियनविरुद्धच्या युद्धात ते घोडदळात लढले. तालव्हेराच्या लढाईत झालेल्या गंभीर जखमेमुळे त्यांची लष्करी कारकीर्द ऐन तारुण्यात संपली. त्यानंतरची चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी बंदूक, समुद्रकाठची पाणपक्ष्यांची शिकार, लेखन आणि संगीत यांत घालवली. स्वतःच्या कल्पनेनुसार बनवून घेतलेली आणि आयुष्याच्या उत्तरार्धात सातत्याने वापरलेली होडीवरची प्रचंड दुनळी बंदूक, नवशिक्या शिकाऱ्यांसाठी लिहिलेला मार्गदर्शक ग्रंथ आणि पन्नास वर्षांहून अधिक काळ लिहिलेली दैनंदिनी या तीन गोष्टींमुळे त्यांचे नाव बंदुकीच्या इतिहासात टिकून राहिले आहे.

घराणे व शिक्षण

हॉकर घराण्यात पिढ्यान्पिढ्या सैन्यातील नोकरीची परंपरा होती. पीटर यांचे वडीलही कर्नल होते, तर आई आयरिश घराण्यातील होती. इंग्लंडच्या दक्षिणेकडील हॅम्पशायर परगण्यात, टेस्ट नदीच्या काठी असलेल्या लाँगपॅरिश या गावी घराण्याचे निवासस्थान व शेतजमीन होती. टेस्ट ही नितळ पाण्याची नदी माशांसाठी प्रसिद्ध असून आजूबाजूच्या शेतांत तित्तिर जातीचे पक्षी विपुल असत. बंदूक आणि गळ या दोहोंची गोडी पीटर यांना याच परिसरात लागली.

त्यांचे शालेय शिक्षण ईटन येथे झाले. १८०१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आतच, ते घोडदळात अधिकारी म्हणून रुजू झाले. त्या काळी सधन घराण्यातील मुलांना सैन्यातील अधिकारपद पैसे भरून मिळवता येत असे, त्यामुळे इतक्या कोवळ्या वयात अधिकारी होणे ही असाधारण बाब मानली जात नसे. पुढे ते चौदाव्या हलक्या घोडदळात गेले आणि १८०४ मध्ये कॅप्टन झाले. १८०२ पासून त्यांनी दैनंदिनी लिहिण्यास सुरुवात केली. ही सवय त्यांनी मृत्यूच्या वर्षापर्यंत सोडली नाही.

लष्करी सेवा

नेपोलियनच्या फौजांनी स्पेन व पोर्तुगाल व्यापल्यानंतर ब्रिटनने तेथे सैन्य पाठवले. या सैन्याचे नेतृत्व सर आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढील काळातील ड्यूक ऑफ वेलिंग्टन, यांच्याकडे होते. मराठी वाचकांना हे नाव अपरिचित नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील आसई येथे शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी झालेली लढाई याच वेलस्लींनी जिंकली होती. त्यानंतर सहा वर्षांनी त्यांच्याच हाताखाली कॅप्टन हॉकर पोर्तुगालमध्ये लढत होते.

मे १८०९ मध्ये ब्रिटिश सैन्याने डोरो नदी ओलांडून ओपोर्टो शहर फ्रेंचांकडून घेतले. या मोहिमेत हॉकर यांनी आपल्या तुकडीचे नेतृत्व केले. त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस स्पेनमधील तालव्हेरा येथे दोन दिवस घनघोर लढाई झाली. या लढाईत हॉकर यांना कंबर व मांडीच्या भागात गंभीर जखम झाली. ते वाचले, परंतु जखमेने त्यांचा पिच्छा पुढे आयुष्यभर सोडला नाही. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते.

मायदेशी परतल्यावर १८१० मध्ये त्यांनी या मोहिमेची रोजनिशी नाव न देता प्रसिद्ध केली. हे त्यांचे पहिले पुस्तक होय. १८१३ मध्ये त्यांनी नियमित सैन्यातून निवृत्ती घेतली. त्यानंतर ड्यूक ऑफ क्लॅरेन्स, म्हणजे पुढील काळातील राजे चौथे विल्यम, यांच्या शिफारशीने त्यांना उत्तर हॅम्पशायरच्या प्रादेशिक राखीव दलात मेजर आणि पुढे लेफ्टनंट कर्नल करण्यात आले. कर्नल हॉकर हे त्यांचे सर्वपरिचित नाव या पदावरून पडले आहे.

ज्या चौदाव्या हलक्या घोडदळात हॉकर यांनी सेवा केली, त्या पलटणीचा पुढे मराठवाड्याशीही संबंध आला. १८५७ च्या जून महिन्यात औरंगाबाद येथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळात उठाव झाला. तो मोडण्यासाठी पुण्याच्या बाजूने जे सैन्य पाठवण्यात आले, त्यात ही पलटण होती. पुढे मध्य भारतातील मोहिमेत झाशीच्या राणी लक्ष्मीबाई व तात्या टोपे यांच्याविरुद्धही ती लढली. हॉकर यांचे मात्र त्यापूर्वीच निधन झाले होते.

कीहेवन येथील वास्तव्य

निवृत्तीनंतर हॉकर यांचे वर्ष दोन ठिकाणी विभागले गेले. शरद ऋतूत ते लाँगपॅरिशच्या शेतांत शिकार करीत आणि हिवाळ्यात दक्षिण किनाऱ्यावरील कीहेवन या लहानशा कोळीवस्तीत जाऊन राहत. कीहेवनच्या समोर वाइट बेट आहे. भरतीच्या वेळी येथील खाडी पाण्याने भरते, तर ओहोटीला मैलोगणती चिखलाचे सपाट पट्टे उघडे पडतात. उत्तर ध्रुवाकडील प्रदेशांतून येणारी रानबदके व रानहंस हिवाळ्यात या चिखलावर व उथळ पाण्यात हजारोंच्या संख्येने उतरत. आपल्याकडे जायकवाडीच्या जलाशयावर हिवाळी पाहुणे म्हणून येणारे बदकांचे थवे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या दृश्याची कल्पना येऊ शकेल.

हे पक्षी अत्यंत सावध असतात. उघड्या चिखलावर त्यांच्याजवळ पायी जाणे शक्य नसते आणि खांद्यावरच्या साध्या बंदुकीचा मारा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे किनाऱ्यावरील गरीब कोळी व शिकारी यांनी एक वेगळी पद्धत विकसित केली होती. पंट नावाच्या सपाट बुडाच्या, पाण्याच्या पातळीपासून जेमतेम वर येणाऱ्या अरुंद होडीत शिकारी पालथा झोपत असे. होडीच्या नाळेवर लांबलचक, जाड नळीची बंदूक बसवलेली असे. हातांनी किंवा लहान वल्ह्यांनी होडी हळूहळू पुढे सरकवत थव्याच्या टप्प्यात आणायची आणि एकाच बारात शक्य तितके पक्षी टिपायचे, अशी ही शिकार होती. मिळालेले पक्षी बाजारात विकून या लोकांचा हिवाळा निभावत असे. कडाक्याची थंडी, अंधार, उलटणाऱ्या लाटा आणि गाळात रुतण्याचा धोका यांमुळे हा व्यवसाय जिवावरचा होता.

सुखवस्तू घरातील अधिकाऱ्याने या कोळ्यांचा धंदा छंद म्हणून स्वीकारणे त्या काळी विशेष मानले गेले. हॉकर यांनी तो त्यांच्याकडूनच शिकून घेतला आणि मग आपले सारे तांत्रिक ज्ञान त्यात ओतले. अधू शरीराचा हा माणूस बर्फाळ वाऱ्यात तासन्‌तास होडीत पालथा पडून राहत असे. आजारपण व वेदना यांचे उल्लेख त्यांच्या दैनंदिनीत वारंवार येतात, आणि त्यांच्या शेजारीच पुन्हा पाण्यावर गेल्याच्या नोंदीही येतात.

तत्कालीन बंदूक

हॉकर यांच्या कार्याचे महत्त्व समजण्यासाठी त्यांच्या काळातील बंदुकीची माहिती आवश्यक आहे. त्या वेळच्या सर्व बंदुका ठासणीच्या होत्या. नळीच्या तोंडातून दारू, त्यावर बोळा, मग छर्रे आणि पुन्हा बोळा घालून गजाने ठासून बार भरावा लागे. ठासणीची बंदूक हा शब्द मराठवाड्यातील खेड्यांत जुन्या पिढीच्या तोंडी अजूनही ऐकू येतो.

भरलेला बार पेटवण्याच्या तीन पद्धती इतिहासात क्रमाने आल्या. सर्वांत जुन्या बंदुकीत जळता तोडा रंजकाला लावला जाई. त्यानंतर चकमकीची बंदूक आली. तिच्यात चाप ओढताच घोड्यात अडकवलेला गारेचा तुकडा पोलादी पट्टीवर आपटे, ठिणग्या उडून बाहेरच्या पेल्यातील रंजक पेटे आणि ती ज्योत नळीच्या कानातून आत जाऊन मुख्य बार उडे. या साऱ्या क्रियेला क्षणभर वेळ लागे. शिवाय रंजक उघड्यावर असल्याने पावसात व दमट हवेत तो भिजून बार फुकट जाई, आणि त्याचा भपका पाहून पक्षी सावध होत.

स्कॉटलंडमधील पाद्री अलेक्झांडर फोर्साइथ यांनी या अडचणीवर उपाय शोधला. आघाताने स्फोट पावणाऱ्या रासायनिक चूर्णाने बार पेटवण्याच्या पद्धतीचा एकस्वाधिकार त्यांनी १८०७ मध्ये मिळवला. याच तत्त्वावर पुढे तांब्याची लहान टोपी प्रचारात आली. घोडा टोपीवर आपटला की बार जवळजवळ तत्क्षणी उडे. ही टोपीची बंदूक होय. हॉकर यांची उमेदीची वर्षे नेमकी चकमक व टोपी यांच्या संधिकाळात गेली. दोन्ही पद्धती त्यांनी स्वतः प्रदीर्घ काळ वापरून पाहिल्या. टोपीने बार लवकर उडतो हे त्यांना मान्य होते, परंतु चकमकीच्या बंदुकीचा मारा अधिक जोरकस असतो, असे त्यांचे अनुभवाने बनलेले मत होते. नव्या पद्धतीचा स्वीकार करतानाही त्यांनी जुनी पद्धत टाकून दिली नाही. त्यांच्या प्रसिद्ध दुनळीचा उगम या दुहेरी वृत्तीत आहे.

जोसेफ मँटन यांच्याशी संबंध

लंडनचे जोसेफ मँटन (१७६६–१८३५) हे त्या काळातील सर्वश्रेष्ठ बंदूककार मानले जात. दोन नळ्यांच्या मधोमध वर उचललेली पट्टी बसवून नेम साधणे सुलभ करण्याची युक्ती त्यांची. आज जगप्रसिद्ध असलेल्या पर्डी या पेढीचे संस्थापक जेम्स पर्डी यांनीही स्वतंत्र व्यवसाय सुरू करण्यापूर्वी मँटन यांच्या कारखान्यात काम केले होते. कवी लॉर्ड बायरन हे मँटन यांच्या नेमबाजीच्या दालनात सरावासाठी जात असत.

हॉकर हे मँटन यांचे ग्राहक होते, मित्र होते आणि परखड टीकाकारही होते. मँटन यांनी बनवलेली एक दुनळी त्यांची विशेष आवडती होती व तिला त्यांनी मँटन यांच्याच नावावरून लाडके नाव दिले होते. कारखान्यात बसून कारागिरांशी चर्चा करणे, नळीचे छिद्र, दस्त्याचा बाक, घोड्याची चाल यांत बदल सुचवणे आणि नवी बंदूक कागदाच्या ताव्यांवर झाडून छर्रे किती दाट व सारखे पडतात ते मोजणे, हा त्यांचा आवडता उद्योग होता. तांब्याच्या टोपीची कल्पना आपण मँटन यांना सुचवली होती, असा दावा हॉकर यांनी केला आहे. मात्र या शोधाचे श्रेय अनेकांनी सांगितले असून त्याचा निर्विवाद निर्णय झालेला नाही.

मँटन यांचा शेवट सुखाचा झाला नाही. एकस्वाधिकारांसंबंधीच्या खटल्यांत व इतर अडचणींत सापडून १८२६ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले. हॉकर यांनी पडत्या काळातही त्यांच्याशी स्नेह राखला आणि मँटन यांच्या थडग्यावरील लेख त्यांनीच रचला. मँटन यांच्या मुलाने कलकत्त्यात काढलेल्या पेढीमुळे हे नाव भारतातील शिकाऱ्यांनाही दीर्घकाळ परिचित राहिले.

होडीवरची दुनळी बंदूक

पंटवरील बंदुका सर्वसाधारणपणे एकनळी असत. एकच नळी इतकी लांब व जड असे, की दुसरी जोडण्याचा विचार व्यवहार्य वाटत नसे. एका बाराचा परिणामही मर्यादित होता. पहिल्या आवाजासरशी वाचलेले पक्षी उडून जात आणि होडीत पालथे पडून ठासणीची बंदूक पुन्हा भरेपर्यंत पाणी रिकामे झालेले असे. आधीच्या काही वर्षांत हॉकर यांनीही अशाच एकनळी बंदुका वापरल्या होत्या. १८२० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी स्वतःच्या आराखड्यानुसार एक प्रचंड दुनळी बनवून घेतली.

या बंदुकीच्या नळ्या आठ फुटांच्या आसपास लांब होत्या. प्रत्येक नळीचे छिद्र सुमारे दीड इंच व्यासाचे होते. संपूर्ण बंदुकीचे वजन ९० किलोच्या घरात, म्हणजे धडधाकट माणसाहूनही अधिक होते. प्रत्येक नळीत एका वेळी अर्ध्या किलोहून अधिक छर्रे भरले जात. खांद्यावरच्या दुनळीतील बाराशी तुलना केल्यास हे प्रमाण पंधरा ते वीस पटींचे होते. असा धक्का कोणत्याही माणसाच्या खांद्याला सोसणारा नव्हता. म्हणून बंदूक होडीवरच फिरत्या आधारावर बसवलेली असे आणि बाराचा झटका होडी व पाणी मिळून सोसत.

या बंदुकीचे खरे वैशिष्ट्य मात्र तिच्या आकारात नव्हते. तिच्या एका नळीला टोपीची कळ होती आणि दुसरीला चकमकीची. शिकारी दोन्ही चाप एकाच वेळी ओढत असे. टोपीची नळी ताबडतोब उडे व तिचे छर्रे पाण्यावर बसलेल्या थव्यात जात. चकमकीच्या नळीतील ठिणगी, रंजक व कान हा प्रवास पूर्ण होण्यास क्षणार्ध अधिक लागे. तेवढ्यात दचकलेले पक्षी पंख पसरून पाण्यावरून वर उठलेले असत आणि दुसरा बार नेमका त्यांना गाठत असे. हलत्या होडीत, गोठलेल्या बोटांनी, दोन चाप इतक्या अचूक अंतराने ओढणे माणसाला साधणारे नव्हते. ते काम हॉकर यांनी यंत्रावर सोपवले.

चकमकीचा विलंब हा सर्व बंदूककारांच्या दृष्टीने दोष होता आणि तो नाहीसा करण्यासाठी सारे झटत होते. हॉकर यांनी तो दोष मोजून घेतला आणि कामाला लावला. नवे तंत्र आले की जुने निरुपयोगी ठरते, या समजुतीला छेद देणारे हे उदाहरण बंदुकीच्या इतिहासात म्हणूनच पुन्हा पुन्हा सांगितले जाते.

बंदूक बनवणे हा कामाचा आरंभ होता. तिच्या भाराला पुरेल अशी होडी, खाऱ्या हवेपासून चकमकीच्या रंजकाचे संरक्षण, जड नळ्या होडीत चढवणे व उतरवणे, दर खेपेनंतर गंज धरू नये म्हणून त्या धुऊन कोरड्या करणे, या प्रत्येक बाबीवर हॉकर यांनी प्रयोग केले. एकदा घडवलेले साधन सोडून नव्याच्या मागे धावण्यापेक्षा तेच सुधारत राहण्याकडे त्यांचा कल होता.

ग्रंथलेखन

१८१४ मध्ये हॉकर यांचा नवशिक्या शिकाऱ्यांसाठीचा मार्गदर्शक ग्रंथ प्रथम प्रसिद्ध झाला. सुरुवातीला लहान असलेले हे पुस्तक प्रत्येक आवृत्तीत वाढत गेले. बंदुकीची निवड, दारू व छर्ऱ्यांचे प्रमाण, नेमबाजीचा सराव, बंदूक हाताळताना घ्यावयाची खबरदारी, होड्यांचे आराखडे, शिकारी कुत्र्यांची निगा आणि थंडीपासून बचाव असे विविध विषय त्यात आले. १८५९ पर्यंत त्याच्या अकरा आवृत्त्या निघाल्या. अकरावी आवृत्ती हॉकर यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मुलाने सिद्ध केली.

या ग्रंथाचे यश त्यातील पद्धतीत आहे. हॉकर ऐकीव मत सांगत नाहीत. एखादी गोष्ट करून पाहून, तिचे माप घेऊन, फसली असल्यास तसे नोंदवून मग ते सल्ला देतात. नवी आवृत्ती काढताना आधीचे मत चुकीचे ठरले असेल तर ते बदलण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. चकमक व टोपी यांच्या तुलनेविषयीचे त्यांचे विवेचन या संक्रमणकाळाच्या अभ्यासकांना आजही उपयोगी पडते. १८३१ मध्ये ब्रिटनमध्ये शिकारीचा नवा कायदा झाला. त्यापूर्वी शिकारीचा हक्क ठराविक उत्पन्नाच्या जमीनमालकांपुरता मर्यादित होता. या कायद्याचा संक्षेपही हॉकर यांनी प्रसिद्ध केला.

संगीत व इतर शोध

हॉकर यांना संगीताची मनापासून ओढ होती. ते पियानो वाजवत आणि रचनाही करीत. पियानो शिकणाऱ्यांचे हात योग्य स्थितीत राहावेत म्हणून त्यांनी हातासाठी एक साचा तयार केला आणि १८२० मध्ये त्याचा एकस्वाधिकार मिळवला. बंदुकीचा दस्ता खांद्यावर नेमका बसावा यासाठी झटणारा माणूस पियानोच्या पट्ट्यांवरील हाताची ठेवण सुधारू पाहतो, यात त्यांच्या बुद्धीची एकच जात दिसते.

सैनिकांच्या बंदुकीतही सुधारणा व्हावी यासाठी त्यांनी सरकारी शस्त्रास्त्र मंडळाकडे प्रयत्न केले. १८५१ मध्ये लंडन येथे भरलेल्या भव्य जागतिक औद्योगिक प्रदर्शनात त्यांच्या बंदुकीतील सुधारणांकडे जाणकारांचे लक्ष वेधले गेले. त्या वेळी त्यांनी वयाची चौसष्ट वर्षे ओलांडली होती.

वैयक्तिक जीवन व निधन

१८११ मध्ये हॉकर यांचा ज्युलिया बार्टलॉट यांच्याशी विवाह झाला. ज्युलिया यांच्या मृत्यूनंतर १८४४ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला. ७ ऑगस्ट १८५३ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षापर्यंतच्या शिकारीच्या नोंदी त्यांच्या दैनंदिनीत आढळतात.

हॉकर घराण्यातील पुढील पिढ्यांत त्यांची नात मेरी एलिझाबेथ हॉकर हिने लॅनो फाल्कनर या टोपणनावाने कथा-कादंबरी लेखन करून नाव मिळवले. पहिल्या महायुद्धातील प्रसिद्ध ब्रिटिश वैमानिक लॅनो हॉकर यांचा जन्मही १८९० मध्ये लाँगपॅरिश येथे याच घराण्यात झाला. एकाकी विमानातून तीन शत्रुविमानांना तोंड दिल्याबद्दल त्यांना १९१५ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. विमानाच्या पंख्याला गोळी लागू नये म्हणून बंदूक तिरकी बसवण्याची तजवीज त्यांनी स्वतः केली होती. उपलब्ध साधन आपल्या गरजेनुसार घडवून घेण्याचा घराण्याचा गुण त्यांच्यातही उतरला होता. नोव्हेंबर १९१६ मध्ये जर्मन वैमानिक मॅनफ्रेड फॉन रिक्टहोफेन यांच्याशी झालेल्या हवाई द्वंद्वात ते मारले गेले.

दैनंदिनी

१८०२ ते १८५३ या काळातील हॉकर यांची दैनंदिनी सर राल्फ पेन-गॉलवे यांनी संपादित करून १८९३ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केली. पेन-गॉलवे हे स्वतः पाणपक्ष्यांच्या शिकारीचे जाणकार होते. दैनंदिनीत हवामान, वारा, भरती-ओहोटी, पाहिलेले व मारलेले पक्षी, बंदुकीतील दुरुस्त्या, प्रवास, आजारपण, संगीताचे कार्यक्रम आणि घरगुती घडामोडी यांच्या नोंदी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रामीण इंग्लंडच्या जीवनाचे साधन म्हणून इतिहासकारही तिचा उपयोग करतात.

हॉकर यांनी या पन्नासहून अधिक वर्षांत मारलेल्या पशुपक्ष्यांची एकूण संख्या १७ हजारांहून अधिक भरते. म्हणजे सरासरीने वर्षाला साधारण साडेतीनशे. आजच्या वाचकाला हा आकडा अस्वस्थ करणारा आहे. त्याचे योग्य आकलन होण्यासाठी पुढच्या पिढीशी तुलना करावी लागते. भारतात स्थानिक स्वराज्याचा पाया घालणारे आणि १८८४ मध्ये हैदराबादचे सहावे निजाम महबूब अली खान यांना राज्याधिकार सोपवणारे व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांचे पुत्र, दुसरे मार्क्वेस ऑफ रिपन, हे नामांकित नेमबाज होते. मागून भरायच्या बंदुका, भरून देणारे मदतनीस आणि हाकारे यांच्या साहाय्याने त्यांनी १८६७ ते १९२३ या काळात साडेपाच लाखांहून अधिक पशुपक्षी मारले. साधन जितके सोपे व वेगवान झाले, तितका संहार वाढत गेला, हे या दोन आकड्यांवरून स्पष्ट होते.

मूल्यमापन

हॉकर हे निसर्गसंरक्षक नव्हते आणि तसा दावा त्यांनी केलाही नाही. एका बारात अधिकाधिक पक्षी कसे पडतील हाच त्यांच्या दुनळीचा हेतू होता. पोटासाठी शिकार करणाऱ्या कोळ्यांच्या पाण्यात एका सधन माणसाने अधिक ताकदीचे साधन घेऊन उतरावे, यातील विषमताही नजरेआड करता येत नाही. मात्र पक्ष्यांच्या वागण्याचे त्यांचे सूक्ष्म निरीक्षण, हवामानाच्या अखंड नोंदी आणि यशाबरोबर अपयशही लिहून ठेवण्याचा प्रामाणिकपणा यांमुळे त्यांचे लेखन शिकारीपलीकडे उपयुक्त ठरले आहे. त्या काळी किती पक्षी कोणत्या पाण्यावर येत असत, हे सांगणारी अशी दीर्घ व सलग नोंद दुर्मीळ आहे.

काळाच्या ओघात शिकारीविषयीची समाजाची दृष्टी बदलली. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने पावणेदोन इंचांहून अधिक व्यासाच्या नळीची बंदूक जंगली पक्ष्यांवर वापरण्यास मनाई केली. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्ष्यांच्या शिकारीला आळा घातला. हॉकर ज्या चिखलपट्ट्यांवर आपली दुनळी घेऊन पहाटे उतरत, तो कीहेवनचा किनारा आज संरक्षित निसर्गक्षेत्र आहे. हिवाळ्यात तेथे आजही उत्तरेकडून रानबदके व रानहंस येतात आणि लोक दुर्बिणी घेऊन त्यांना पाहण्यासाठी जमतात.